आधी तिथी विचारा

देवबागच्या खाडीत संध्याकाळी कयाकमधून फोटो काढायला जाणार असाल, तर भाडं ठरवण्याआधी तिथी विचारा. कयाकवाला आपणहून सांगेल या भरवशावर राहू नका. मी तर स्पष्ट विचारलं होतं, भरती-ओहोटीचं काय? उत्तर मिळालं, ‘खाडी आहे मॅडम, समुद्र नाही. पाणी एकदम शांत.’ ते वाक्य आजही कानात आहे आणि आजही तितकाच संताप येतो.

कर्ली नदी समुद्राला मिळण्याआधी किनाऱ्याच्या कडेकडेने वाहते. मधे देवबागची माडांची चिंचोळी पट्टी, पलीकडे अरबी समुद्र. नदीतून पाहिलं तर सूर्य माडांमागे जातो. पाण्यावर टेकलेला हवा असेल तर संगमाकडे सरकावंच लागतं. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येला कललेला असतो, त्यामुळे पाय आणखीच तिकडे वळतात. म्हणजे फोटो काढणारा माणूस खाडीच्या मुखाकडेच जाणार. रोज तिथे धंदा करणाऱ्याला हे ठाऊक नसतं, हे मी मानणार नाही.

मी वल्हं मांडीवर आडवं ठेवून कॅमेरा लावला होता. उजेड सोन्यासारखा होता. मासेमारीच्या जाळ्याचा एक खुंट फ्रेममध्ये डावीकडे घेतला होता, वर बगळा बसलेला. दोन-चार फोटो काढून स्क्रीन पाहिली, तर शेवटच्या फोटोत खुंटच नाही. मान वळवली, तो पाठीमागे राहिला होता, बराच मागे. वल्हं तर मी मारलंच नव्हतं. मग बाजूला नांगरलेल्या होड्यांकडे लक्ष गेलं. सगळ्यांची तोंडं नदीच्या वरच्या अंगाला, दोर ताणलेले, आणि प्रत्येक दोराशी पाणी फाटून खाली धावत होतं. पुढे वाळूच्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आला.

अशा वेळी प्रवाहाच्या उलट वल्हवत बसू नका. दंड भरून येतात आणि कयाक जागची हलत नाही. आडवं काठाकडे कापा. काठाजवळ ओढ कमी असते. मी तसंच केलं, कांदळवनाच्या फांद्या हाती लागल्या, तिथे धरून बसले. काठावर कयाकवाला फोनवर बोलत उभा होता. त्याची इंजिनची बोट बांधलेली होती, ती त्याने सोडली नाही. जाळी टाकून परतणाऱ्या एका मच्छीमाराने दोर फेकून मला ओढत आणलं आणि एक पैसाही घेतला नाही. कयाकवाल्याने मात्र उशीर झाला म्हणून जादा पैसे मागितले, वर ‘एवढ्या पुढे कशाला गेलात?’ असंही ऐकवलं. त्याने दिलेल्या ‘वॉटरप्रूफ’ पिशवीची शिवण उसवलेली होती. माझी जास्तीची लेन्स त्यात होती, खाऱ्या पाण्याने ती गेली. पाणी शिरलेलं वॉरंटीत बसत नाही.

मुक्कामाच्या घरी काकूंना त्या दिवशी संकष्टीचा उपास होता. माझी कहाणी ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, ‘आज चवथ ना? तीनाक भरती, मगे सुकती.’ कोकणातला हा जुना हिशोब आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन. त्यानंतर सहा तास सुकती, म्हणजे ओहोटी, आणि तिची सगळ्यात जोराची ओढ तिसऱ्या-चौथ्या तासात, म्हणजे पाच ते सात. नेमकी सूर्यास्ताची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास. उधाणाचं ते पाणी दुपारभर जोरात ओसरतं आणि संध्याकाळी खाडी तळाला जाते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, त्यात भांगाचे म्हणजे कमी चढ-उताराचे दिवस, पाणी भरलेलं आणि जवळजवळ स्थिर. दशमी-एकादशीला संध्याकाळी पाणी आत येत असतं, ते तुम्हाला घराकडेच ढकलतं. मी आता याच दिवसांत जाते. जागेनुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून एखाद्या मच्छीमाराला विचारून घ्या. त्याला खोटं सांगण्यात काही फायदा नसतो.

बाकी नेहमीचं: लाइफ जॅकेटची सगळी बक्कलं लावून पाहा, काठावर कुणाला तरी सांगून जा. पिशवी स्वतःची न्या, आणि निघण्याआधी तिच्यात हवा भरून ती पाण्यात दाबून पाहा, बुडबुडे आले की ती घरी ठेवा. कॅमेरा जॅकेटला दोरीने बांधा. पाण्यावर लेन्स बदलू नका. कयाक डोलत असते, तेव्हा शटर 1/500च्या खाली आणू नका, आयएसओ वाढला तर वाढू द्या. उजेड सूर्यावर न मोजता त्याच्या शेजारच्या आकाशावर मोजा. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं आभाळ जास्त रंगतं, पण ते फोटो काठावरून काढा.

आठवड्याभराने त्या कयाकवाल्याचा मेसेज आला. जाहिरातीसाठी माझे सूर्यास्ताचे फोटो हवे होते. मी नाही म्हणून कळवलं. त्याच्या काठावर भरती-ओहोटीच्या वेळांची एक पाटी लागली, तर विचार करीन, असंही लिहिलं. उत्तर आलेलं नाही.