न्हाणीघराची दुरुस्ती : लादीखालचे विज्ञान

घरातील सर्वांत लहान खोली बहुधा न्हाणीघराची असते. परंतु दुरुस्तीच्या वेळी घरमालकाला जितके प्रश्न ही खोली विचारावयास लावते, तितके दुसरी कोणतीही खोली लावीत नाही. लादी कोणत्या रंगाची घ्यावी, तोट्या कोणत्या घडणीच्या घ्याव्यात, हे प्रश्न प्रथम सुचतात. वास्तविक ते शेवटचे प्रश्न होत. न्हाणीघराचे आयुष्य जे दिसते त्यावर अवलंबून नसून, जे लादीखाली आणि भिंतीआड झाकले जाते त्यावर अवलंबून असते. पाणी कोठून येते, कोठे जाते आणि वाटेत कोठे मुरते, हे समजून घेणे म्हणजेच ही दुरुस्ती समजून घेणे होय.

या पाठासाठी आपण बेंगळुरू शहराचे उदाहरण घेऊ. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले असून त्याच्या शेजारून मोठी नदी वाहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्टा येथून आणि १९३३ पासून अर्कावती नदीवरील तिप्पगोंडनहळ्ळीच्या जलाशयातून शहराला पाणी मिळू लागले. ते अपुरे पडल्यावर १९७४ मध्ये कावेरी योजनेचा पहिला टप्पा आणि २०२४ मध्ये पाचवा टप्पा कार्यान्वित झाला. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, तोरेकाडनहळ्ळी येथून, पंपांच्या साहाय्याने जवळजवळ ५०० मीटर उंच चढवून आणावे लागते. एक हजार लिटर पाणी इतके उंच चढविण्यास गणिताने सुमारे १·४ युनिट वीज लागते. यंत्रांतील व नळांतील ऱ्हास जमेस धरता प्रत्यक्ष खर्च याहून अधिक. एवढ्या प्रयासाने आलेले पाणी न्हाणीघराच्या फटीतून खालच्या शेजाऱ्याच्या छतात मुरावे, यासारखा दुहेरी तोटा नाही. पाणीही गेले आणि घरही गेले, अशी ती अवस्था असते.

प्रश्न पहिला : लादी अभंग असता छत गळते कसे?

पुष्कळांची समजूत अशी असते की, चकचकीत लादी बसविली म्हणजे जमीन जलाभेद्य झाली. लादी स्वतः पाणी फारसे शोषीत नाही हे खरे. उत्तम व्हिट्रिफाइड लादीचे जलशोषण तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी असते. परंतु दोन लाद्यांमधील सांधा सिमेंटने भरलेला असतो आणि सिमेंटमध्ये डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. दिव्याची वात ज्या केशाकर्षणाने तेल वर ओढते, त्याच केशाकर्षणाने ही छिद्रे पाणी आत ओढतात. रोज थोडे थोडे पाणी लादीखाली उतरते.

बहुमजली इमारतींत या दोषाला आणखी एक स्थान मिळते. न्हाणीघराचा स्लॅब पुष्कळदा शेजारच्या खोल्यांपेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खोलगट भागात सांडपाण्याचे नळ टाकून वर विटांच्या तुकड्यांची भर घालतात आणि तिच्यावर कोबा करून लादी बसवितात. खालचा जलरोधक थर सदोष असेल तर ही भर स्पंजाप्रमाणे पाणी साठवून ठेवते. म्हणून गळती सुरू झाल्याचे खालच्या मजल्यावर अनेक महिन्यांनी कळते, आणि दुरुस्तीनंतरही काही दिवस थेंब पडत राहतात.

हे पाणी काँक्रीटमधून झिरपताना त्यातील चुना विरघळवून नेते. छताखाली हवेतील कार्बन डायॉक्साइडशी त्याचा संयोग होऊन पांढरे डाग, कधी कधी बारीक लोंबकळत्या कांड्याही तयार होतात. चुनखडीच्या गुहांत होणाऱ्या लवणस्तंभांचे हे लहानसे भावंडच. पण येथे कौतुक करण्यासारखे काही नाही. काँक्रीटमधील पोलादी सळयांना गंजापासून वाचविणारी अल्कधर्मिता या चुन्यामुळेच टिकते. ती क्षीण झाली आणि ओल व हवा मिळाली की सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. त्या दाबाने काँक्रीटचे पापुद्रे सुटून पडतात. छताला नुसता रंग देऊन डाग झाकणे म्हणजे रोग्याला नवा सदरा घालणे होय.

प्रश्न दुसरा : गळतीचे मूळ कसे शोधावे?

हातोडा उचलण्यापूर्वी शोध घ्यावा. पाणी तीन मार्गांनी येऊ शकते : दाबाखालच्या पुरवठ्याच्या नळातून, सांडपाण्याच्या नळातून, किंवा जमिनीच्या थरांतून. प्रत्येक शक्यता एकेक करून वगळावी.

प्रथम न्हाणीघर दोन-तीन दिवस वापरू नये, मात्र पुरवठ्याची मुख्य तोटी उघडी ठेवावी. गळती तशीच चालू राहिली तर दोष बहुधा पुरवठ्याच्या नळात आहे; तोटी बंद करून ती मंदावते का, हे पाहून खात्री करून घ्यावी. गळती ओसरली, तर जमीन कोरडी ठेवून रंगीत पाणी नळीने थेट निचऱ्याच्या तोंडात ओतावे. खाली ओल वाढली किंवा रंग दिसला तर सांडपाण्याचा नळ अथवा त्याचा सांधा दोषी. तेथेही काही आढळले नाही, तर निचऱ्याचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी साठवावे. आता गळती झाल्यास दोष थरांत आहे. भरीत साठलेले जुने पाणी निरीक्षकाला फसविते, म्हणून प्रत्येक पायरीनंतर पुरेसा अवधी द्यावा. घाईने काढलेला निष्कर्ष येथे फार महाग पडतो.

प्रश्न तिसरा : लादी न काढता काम भागेल काय?

दोष केवळ सांध्यांत असेल तर भागते. जुने सांधे खरवडून, पूर्ण वाळवून, त्यांत इपॉक्सीचे मिश्रण भरावे. ते सिमेंटच्या मानाने पाणी अत्यल्प शोषते. परंतु भर भिजली असेल, नळ फुटला असेल किंवा लादीवर ठोकले असता पोकळ आवाज येत असेल, तर वरून लावलेला कोणताही लेप टिकाऊ उपाय नव्हे.

जुन्या लादीवरच नवी बसविण्याचा मार्ग स्वस्त व जलद वाटतो. त्यात दोन गोष्टींचा विचार करावा. लादी व तिच्याखालचा मसाला मिळून दर चौरस मीटरला साठ-सत्तर किलोग्रॅमचा नवा भार स्लॅबवर कायमचा पडू शकतो. शिवाय जमिनीची पातळी वर येते आणि उंबरठा ओलांडून पाणी शेजारच्या खोलीत शिरते. न्हाणीघराची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा थोडी खालीच असली पाहिजे.

प्रश्न चौथा : नव्या कामाचा क्रम कोणता?

प्रथम खालच्या मजल्यावरील कुटुंबाला पूर्वसूचना द्यावी. हा सौजन्याचा भाग असला तरी निरीक्षणासाठीही ते आवश्यक आहे. त्यानंतर लादी व खराब भर काढून स्लॅब स्वच्छ करावा. नवे नळ टाकून, ते झाकण्यापूर्वीच त्यांत दाबाखाली पाणी भरून परीक्षा घ्यावी. जमीन आणि भिंत जेथे मिळतात त्या कोपऱ्यांत सिमेंटच्या मसाल्याने गोलाई द्यावी, कारण काटकोनातच थर प्रथम तडकतो. मग जलरोधक थर जमिनीवर, नळांच्या तोंडांभोवती आणि भिंतीवर किमान ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत द्यावा. जेथे अंगावर फवारा घेतला जातो तेथे तो पुरुषभर उंच न्यावा.

आता खरी कसोटी. निचऱ्याचे तोंड बंद करून जमिनीवर तीन-चार सेंटिमीटर पाणी साठवावे व पातळीची खूण भिंतीवर करावी. शेजारी एका सपाट तळाच्या भांड्यातही पाणी ठेवून खूण करावी. ४८ तासांनी दोन्ही पातळ्या पाहाव्या. भांड्यातील घट ही केवळ बाष्पीभवनाची. जमिनीवरील घट तिच्याहून स्पष्टपणे अधिक असेल तर थर गळतो आहे. खालच्या छताचीही पाहणी करावी. कारागीर लादी बसविण्याची घाई करील, सण जवळ आला असेल, घरातील मंडळी शेजारी आंघोळीला जाऊन कंटाळली असतील; तरीही हे दोन दिवस वाचवू नयेत. ही परीक्षा लादीनंतर नव्हे, लादीपूर्वी घ्यावयाची असते.

भर घातल्यावर तिच्यावरील कोब्यालाही जलरोधक थर व निचऱ्याकडे उतार द्यावा. साठ सेंटिमीटर अंतरात एक सेंटिमीटर, हे प्रमाण साधारणपणे पुरते. लादी बसल्यावर बादलीभर पाणी ओतून ते कोठे थांबते ते पाहावे. पायांखाली येणारी लादी खडबडीत पृष्ठाची असावी. वृद्धांच्या घरात भिंतीला भक्कम दांडा बसवावा.

प्रश्न पाचवा : दुर्गंधी का येते?

निचऱ्याच्या तोंडाखाली बसविलेल्या वळणदार पात्राला देशभरचे नळकारागीर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपला न्हाणी हा शब्द अशा रीतीने बेंगळुरूच्या कानडीभाषक कारागिराच्या तोंडीही ऐकू येतो. या पात्रात सुमारे पाच सेंटिमीटर खोलीचे पाणी कायम उभे राहते आणि गटारातील वायू वर येऊ देत नाही. लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ मध्ये शौचकूपासाठी एकस्व मिळविले, त्यातही अशाच वळणात उभ्या राहणाऱ्या पाण्याची योजना होती. घर महिनाभर बंद राहिले की हे पाणी वाळते आणि दुर्गंधी सुटते. अशा वेळी सुगंधी द्रव्यापेक्षा तांब्याभर पाणी अधिक गुणकारी ठरते. पाणी ओतूनही वास राहिला, तर पात्र तडकले आहे किंवा नळाला वायुनलिका नाही, असे समजून तपास करावा.

प्रश्न सहावा : तोट्यांवरील पांढरे किटण कसे टाळावे?

बेंगळुरूतील अनेक घरे कठीण खडकात खोल खणलेल्या विंधनविहिरींवर अवलंबून आहेत. असे पाणी पुष्कळदा जड असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. पाणी तापले किंवा आटले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडून तोटीवर व गिझरच्या तापक दांडीवर साचते.

हे किटण काढण्यासाठी तीव्र आम्ल वापरण्याची रीत घातक आहे. आम्ल किटणाबरोबर सांध्यांतील सिमेंटही खाते. म्हणजे स्वच्छतेच्या नावाने आपणच गळतीला वाट करून देतो. तोटीवर सौम्य शिर्का काही वेळ लावून धुवावा. आम्ल आणि विरंजक चूर्ण तर कधीही एकत्र करू नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो.

प्रश्न सातवा : कोठे काटकसर करावी, कोठे करू नये?

पाण्याची काटकसर अवश्य करावी. चार माणसांच्या घरी प्रत्येकाने दिवसातून पाचदा दहा लिटरची टाकी सोडली तर २०० लिटर पाणी जाते. सहा व तीन लिटरची दुहेरी टाकी बसवून एकदा मोठी आणि चारदा लहान धार वापरल्यास हाच खर्च ७२ लिटर होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात टंचाई तीव्र झाली, तेव्हा शहराच्या जलमंडळाने व्यापारी इमारती व निवासी संकुले इत्यादींना पाण्याच्या धारेत हवा मिसळणाऱ्या तोट्या बसविण्यास सांगितले, ते याच कारणाने.

जीवसुरक्षेत मात्र काटकसर नको. ओल्या त्वचेचा विद्युत्-रोध फार घटतो. म्हणून गिझरला योग्य भूयोजन आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारा खटका असलाच पाहिजे. वायूवर चालणारा तापक बंद न्हाणीघरात बसवू नये. थंड सकाळी खिडकी लावून घेतली की ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक दृढतेने जडतो, आणि स्नान करणारा मनुष्य हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध होतो. असा तापक खोलीबाहेर, मोकळ्या हवेत असावा.

विद्यार्थ्यांसाठी

घरातील किंवा शाळेतील एखादी गळकी तोटी निवडा. तिच्याखाली मापनपात्र ठेवून एका मिनिटात किती मिलिलिटर पाणी जमते ते पाहा. दहा मिलिलिटर जमले, तर दिवसाला १४·४ लिटर पाणी वाया जाते. वर्षाचा हिशोब स्वतः करा, आणि मग त्या तोटीतील झिजलेली चकती बदलावयास किती वेळ लागतो तेही मोजा.

दुरुस्ती पूर्ण झाल्यावर पाहुणे लादीच्या रंगाची स्तुती करतील. ज्या थराने घर राखले त्याच्याविषयी कोणी अवाक्षर काढणार नाही. झाकण्यापूर्वी ज्याने त्याची परीक्षा घेतली, त्या घरमालकाला त्याचे मोल ठाऊक असते. आणि खालच्या मजल्यावरचे कोरडे छत त्याची रोज साक्ष देत असते.