बीबीच्या दोन बाजू : लोणार आणि सिंदखेडराजा

आपला देश एवढा मोठा आहे की आयुष्यभर फिरलं तरी बघून संपणार नाही. म्हणून टूरचा विषय निघाला की आपण ठरलेलीच नावं घेतो : ताजमहाल, जयपूर, मनाली, गोवा. बुलढाणा जिल्ह्याचं नाव त्या यादीत सहसा नसतं. आमचं बीबी गाव लोणार तालुक्यात, जुन्या नागपूर-मुंबई हायवेवर आहे. इथून एका बाजूला निसर्गाने काही क्षणांत घडवलेलं सरोवर आहे, तर दुसऱ्या बाजूला इतिहासाने घडवलेलं गाव. काय बघायचं ते आधी माहीत असलं की पाहण्यात मजा येते, म्हणून हा लेख.

१) लोणार सरोवर

आकाशातून आलेली एक उल्का इथल्या बेसॉल्ट खडकावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ १५० मीटर खोल खड्डा पडला. उल्का त्या मानाने बरीच लहान असणार. मग खड्डा एवढा मोठा कसा? आपण फिजिक्समध्ये शिकलोच आहोत की गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग प्रचंड असला की छोटी वस्तूही स्फोटासारखं काम करते.

पूर्वी अनेकांना हे ज्वालामुखीचं मुख वाटायचं. १९७३ साली शास्त्रज्ञांनी इथे मॅस्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध केलं. ही काच फेल्डस्पार खनिजाला जबरदस्त धक्का बसला की तयार होते. ज्वालामुखीत तेवढा दाब नसतो, त्यामुळे वाद जवळपास मिटला. वयाबद्दल मात्र एकमत नाही. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं येतात, तर २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आली. चंद्रावरही बेसॉल्ट असल्यामुळे जगभरच्या अभ्यासकांचं लक्ष लोणारकडे असतं.

तळ्याचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा मीठप्रिय सूक्ष्मजीव त्याचं कारण असल्याचं तपासणीत दिसलं. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. काठावर कमळजा देवीचं मंदिर आहे आणि गावात कोरीव कामाने भरलेलं दैत्यसूदन मंदिर. लोणासुराला विष्णूने मारल्याची कथा लोक अजून सांगतात.

२) सिंदखेडराजा

१२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म इथल्या लखुजी जाधवांच्या वाड्यात झाला. दरवर्षी त्या दिवशी इथे प्रचंड गर्दी असते. १६२९ मध्ये दौलताबादला निजामशाही दरबारात लखुजींची हत्या झाली. त्यांची भव्य समाधी इथेच आहे.

इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र वाड्यावरून परत फिरू नये. मोती तलाव, चांदणी तलाव आणि शिल्पांनी सजलेली पुतळा बारव जरूर बघावी. कमी पावसाच्या या भागात पाणी अडवायचं, साठवायचं आणि पायऱ्यांनी त्यापर्यंत उतरायचं, हे सगळं पंपाशिवाय कसं जमवलं? सिव्हिलच्या मुलांसाठी तर हे एक प्रॅक्टिकलच आहे!

३) कसं बघावं?

सकाळी ऊन चढायच्या आत लोणार, दुपारनंतर सिंदखेडराजा. लोणारला रेल्वे नाही. रेल्वेने येणाऱ्यांना जालन्याला उतरून पुढे रस्त्याने यावं लागतं. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण सुरू झाला आणि सिंदखेडराजाला उतरण्याची सोयही आहे. पण ताशी १२० च्या वेगाने जाणाऱ्याला थांबावंसं वाटलं पाहिजे ना!

४) शेवटी एक गोष्ट

पडका वाडा पुन्हा बांधता येतो. लोणारचं पाणी एकदा बदललं तर ते परत कसं आणणार? सांडपाणी आणि जास्तीचं गोडं पाणी तळ्यात मिसळत राहिलं की क्षारता कमी होते आणि त्या क्षारतेवर जगणारी जीवसृष्टीच संपते. मग खड्डा उरेल, पण लोणार उरणार नाही. म्हणून नुसते टूरिस्ट वाढून भागणार नाही. गावाचं सांडपाणी शुद्ध करून दुसरीकडे वळवणं हे रिसॉर्टच्या आधीचं काम आहे, आणि ते काम आपल्याच ब्रँचचं आहे. फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर एकदा इकडे येऊन जा!