ऑलिव्हच्या रानातल्या पाणंदी

नोकरीसाठी बार्सिलोनात आल्यापासून जोडून सुट्ट्या मिळाल्या की मी सायकल घेऊन तोर्तोसाची गाडी पकडते. एब्रो नदी आणि एल्स पोर्त्सचे चुनखडीचे डोंगर यांच्या आसपास कातालोनियाचा तेरा आल्ता आणि आरागोनचा मातारान्या हे दोन मुलूख एकमेकांना लागून आहेत. डांबरी रस्ते मोजके. पण शेतांमधून, पाइनच्या रानातून, कोरड्या ओढ्यांच्या कडेने जाणाऱ्या मुरमाच्या पाणंदींना अंत नाही. ग्रॅव्हल सायकल अशाच वाटांसाठी असते: हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र रुंद. पुण्या-नाशिकचे सायकलवाले मित्र इथे यायचं म्हणतात तेव्हा काय काय लागेल ते विचारतात. सामान फारसं लागत नाही. या वाटा शेतकऱ्यांच्या, मेंढपाळांच्या, रानात राबणाऱ्यांच्या आहेत हे मनात पक्कं असावं लागतं. बाकी जे शिकले ते असं.

१. पहिला दिवस जुन्या रेल्वेमार्गावर घालवा. आरागोनमधून समुद्रापर्यंत वाल दे साफान नावाची रेल्वे न्यायची होती. ती तोर्तोसापर्यंत पोचली, समुद्राला कधी भिडलीच नाही, आणि १९७३मध्ये बंद पडली. रूळ गेले, बोगदे, पूल आणि ओसाड स्टेशनं राहिली. बंद पडलेले रेल्वेमार्ग पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी खुले करण्याची ‘विया वेर्दे’ योजना स्पेनमध्ये १९९३पासून चालू आहे. आज अशा वाटांची लांबी तीन हजार किलोमीटरांच्या वर गेली आहे. त्यातली ही सर्वांत देखणी, असं माझं मत. आगगाडीला खडा चढ झेपत नाही, त्यामुळे इथे चढ असला तरी तो पायांना जाणवतो एवढाच. सायकल, बसण्याची उंची, सामानाची बांधणी सगळं तपासून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

बोट गावाच्या पुढे कानालेतेस नदीच्या घळीत बोगद्यामागून बोगदा येतो. काहींत दिवे आहेत, काहींत नाहीत. वळणाच्या बोगद्यात मध्यावर आलं की मागचंही तोंड दिसत नाही आणि पुढचंही. तिथे मोबाइलचा उजेड पुरत नाही. हँडलला पक्का बसवलेला दिवा हवाच, मागे लाल दिवाही हवा. आरागोनच्या बाजूला वाल्देआल्गोर्फाचा बोगदा दोन किलोमीटरांहून लांब आणि पूर्ण सरळ आहे. विषुवदिनाच्या सुमारास उगवता सूर्य त्याच्या आरपार दिसतो.

२. वाऱ्याची दिशा पाहूनच मार्ग आखा. एब्रोच्या खोऱ्यात वायव्येकडून ‘सिएर्सो’ वारा सुटतो तो कधीकधी दिवसचे दिवस थांबत नाही. आल्कान्यिसकडून तोर्तोसाकडे आलात तर एकूण उतार मिळतो आणि वारा पाठीशी राहतो. त्यासाठी सुरुवातीला तोर्तोसाहून गाडी करून वर जावं लागतं. ते पैसे खुशाल मोजावेत.

३. टायरवर खर्च करा, बाकी सगळ्यावर काटकसर चालेल. चाळीस ते पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर, आत पंक्चर बुजवणारं द्रव, आणि हवा डांबरी रस्त्यापेक्षा बरीच कमी. कारण एकच: सराटे. माळावर अनवाणी चाललेल्या कुणालाही ते सांगायला नको. हीच वनस्पती स्पेनच्या शेतबांधांवर, गावाच्या वेशीवर, मातीच्या प्रत्येक मोकळ्या कडेला पसरलेली असते, आणि तिचं फळ कसंही पडलं तरी एक काटा आभाळाकडेच राहतो. टायरमध्ये रुतलेला सराटा दिसला की लगेच उपटू नका. आधी चाक फिरवा, ते द्रव काट्यापर्यंत पोचू द्या, मग ओढा. दुपारी विश्रांतीला थांबलात तर सायकल ढकलत गवतात नेऊ नका, उचलून न्या.

४. पाऊस पडला की थांबा. इथली माती जागोजाग चिकण आहे. कोरडी असते तेव्हा सिमेंटसारखी घट्ट. एक जोरदार सर पडली की तीच माती टायरला थराथराने चिकटते, वाटेतले खडे आणि पाइनच्या सुया त्यात गुंततात, फोर्कमध्ये आणि ब्रेकपाशी लगदा साचतो आणि शे-दीडशे मीटरांत चाक फिरायचं बंद होतं. काटकीने कोरून काढायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा कोरायचं. जोर लावला तर मागचं डिरेलर मोडतं, आणि सुटा भाग शंभर किलोमीटरच्या परिसरात मिळेलच असं नाही. ऊन पडल्यावर अर्ध्या दिवसात वाट सुकते. तेवढा वेळ गावात काढा किंवा डांबरी रस्त्याने जा. ‘बार्रांको’ म्हणतात ते कोरडे ओढेही याच हिशोबात धरा: डोंगरात पाऊस झाला की आपल्या डोक्यावर ऊन असतानाही ते भरून येतात.

५. पाण्याच्या पाट्या वाचायला शिका. जवळजवळ प्रत्येक गावात चौकात किंवा वेशीजवळ दगडी कारंजं असतं. ‘आग्वा पोताब्ले’ म्हणजे पिण्यायोग्य, त्याआधी ‘नो’ असेल तर नाही. तिसरीही एक पाटी असते: पाणी प्रक्रिया न केलेलं आहे, अशी. गावातली माणसं ते पितात. मी विचारून मग ठरवते. दोन गावांमध्ये तीस किलोमीटर काहीच नसू शकतं, म्हणून तीन लीटर पाणी जवळ हवं.

जुलै-ऑगस्ट टाळा. उन्हाचा त्रास आहेच, त्याहून मोठी भीती वणव्याची. अलेप्पो पाइन हे इथलं मुख्य झाड. त्यात राळ भरलेली असते आणि खाली रोजमेरी, थाइमची झुडपं वाळलेली. धोका फार वाढला की सरकार रानात जाणंच बंद करतं. ते बंधन जाचक वाटलं तर एवढं लक्षात ठेवा की जुलै २००९मध्ये ओर्ता दे संत जुआनच्या वणव्यात अग्निशमन दलाचे पाच जवान मेले. त्या गावात आजही त्यांची आठवण निघते. स्टोव्ह पेटवू नका, सिगारेट तर नकोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाइनच्या फांद्यांवर पांढऱ्या रेशमी गोळ्यांसारखी घरटी दिसतील, खाली सुरवंटांच्या एकामागोमाग एक रांगा चालताना दिसतील. त्यांना हात लावू नका. त्यांचे केस त्वचेला आणि डोळ्यांना फार त्रास देतात.

६. तोडणीच्या दिवसांत वाट शेतकऱ्याची. नोव्हेंबरपासून ऑलिव्हची तोडणी सुरू होते. झाडाखाली हिरवी जाळी अंथरतात, खोडाला यंत्र लावून ते थरथरवतात किंवा काठ्यांनी फांद्या झोडपतात, आणि फळं जाळीवर टपटपतात. जाळी पुष्कळदा पाणंदीवर आलेली असते. तिच्यावरून सायकल नेऊ नये. उतरावं, नमस्कार करावा, ते जागा करून देईपर्यंत थांबावं. पाणंद अडवून ट्रॅक्टर उभा असला तरी असंच.

इथलं मुख्य वाण एम्पेल्त्रे. फळ काळं, तेल सोनेरी आणि गोडसर. घशाला जळजळ नाही. भाजलेल्या पावावर ते ओतून मीठ टाकून खाल्लं की पुढचे वीस किलोमीटर भूक लागत नाही. शेतं डोंगरउतारावर आहेत ती दगडी तालींच्या आधाराने. चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड बसवून बांधण्याची ही विद्या युनेस्कोने २०१८मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली; तेव्हा स्पेनसह आठ देशांचा तो एकत्र मान होता. या तालींवर चढून फोटो काढू नका, दगड निसटतात आणि ते परत बसवणारे हात आता थोडे उरलेत.

वेळ काढून दक्षिणेला उल्देकोनापर्यंत जा. तिथलं एक ऑलिव्हचं झाड माद्रिदच्या तंत्र विद्यापीठाच्या अभ्यासानुसार इसवी सन ३१४च्या सुमाराचं आहे, म्हणजे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं. खोड आतून पोकळ, पीळ पडलेलं, जागोजाग फाटून वेगवेगळी झाडं वाटावीत असं झालेलं. आणि वर कोवळ्या फांद्यांना दरवर्षी फळं धरतात. त्याच्यापुढे मी बराच वेळ उभी राहते, दर वेळी.

७. शिकारीचे दिवस आणि राखणीचे कुत्रे. शरद ऋतूपासून हिवाळा सरेपर्यंत, विशेषतः शनिवार-रविवारी, रानडुकरांची हाकाऱ्याची शिकार चालते. वाटेच्या तोंडाशी ती सांगणारी पाटी दिसली तर दुसरी वाट धरा. भडक रंगाचा शर्ट घाला. काळा-पांढरा तिरपा विभागलेला छोटा फलक जागोजाग दिसतो, तो शिकारीची हद्द सांगतो. सायकलीला बंदी नाही. मेंढ्यांच्या कळपाजवळ मोठे मास्तीन कुत्रे असतात. उतरा, सायकल मध्ये धरा, हळू चालत लांबून वळसा घ्या, मेंढपाळ दिसला तर हाक मारा. पळवत सायकल नेणं सर्वांत वाईट.

मान वर करायलाही विसरू नका. बेसेइते, वाल्देरोब्रेसच्या बाजूला गिधाडं घिरट्या घालताना हमखास दिसतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे आपल्याकडची गिधाडं कशी संपत आली हे ज्यांनी पाहिलं, त्यांना हे आभाळ बघून भरून येईल.

८. रानात गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावू नका. १९३८च्या जुलै ते नोव्हेंबरमध्ये स्पॅनिश यादवीतली एब्रोची लढाई याच टेकड्यांवर झाली. पांदोल्स आणि काव्हाल्सच्या डोंगररांगांत खंदक अजून आहेत. न फुटलेले गोळे, कधी माणसांची हाडंही सापडतात. असं काही दिसलं तर खूण लक्षात ठेवून ११२ वर कळवा. कोर्बेरा दे एब्रेचं जुनं गाव बॉम्बहल्ल्यांत जसं उद्ध्वस्त झालं तसंच राखलं आहे. जुन्या चर्चभोवती भिंतींचे सांगाडे उभे आहेत. तिथे सायकल हातात धरून चालावं.

मराठी माणसाने याच भागातल्या गांदेसाला थांबावं याला आणखी एक कारण आहे. नागपूरचे गोपाळ मुकुंद तथा बाळाजी हुद्दार पत्रकारिता शिकायला लंडनला गेले होते. तिथून ते ‘जॉन स्मिथ’ या नावाने आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये भरती झाले, फ्रँकोच्या फौजांविरुद्ध लढायला स्पेनमध्ये आले आणि एप्रिल १९३८मध्ये गांदेसाजवळ पकडले गेले. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्याच्या छावणीत त्यांनी कैद भोगली, नंतर सुटून भारतात परतले. विदर्भातला एक तरुण दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी या द्राक्षमळ्यांत जीव धोक्यात घालून उभा होता, आणि आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे! या वाटेवरून जाताना मला अभिमानही वाटतो आणि हळहळही. निघण्यापूर्वी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचा.

९. दोन ते पाच गाव बंद असतं, हे गृहीत धरा. दुकानं दुपारी दोनच्या सुमारास मिटतात आणि पाचनंतर उघडतात. रविवारी बहुतेक उघडतच नाहीत. खरेदी सकाळीच उरका. शाकाहारी लोकांनी दोन गोष्टी पाठ कराव्यात: मिश्र सॅलडवर सहसा टूना मासा असतो, म्हणून ‘सिन आतुन’ म्हणा; भाजीच्या डिशमध्येही हॅमचे तुकडे असू शकतात, म्हणून ‘सिन हामोन’ म्हणा. टोमॅटो चोळलेला पाव, बटाट्याचं ऑम्लेट घातलेला बोकादिल्यो, स्थानिक चीज आणि बदाम यांवर दिवस निघतो.

१०. पैसे गावात खर्च करा. मातारान्या ज्यात येतो त्या तेरुएल प्रांतात एका चौरस किलोमीटरला जेमतेम नऊ माणसं राहतात. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार ३६५. तरुण सारागोसा, बार्सिलोनाला गेले, शाळा मिटल्या, बसच्या फेऱ्या घटल्या. १९९९मध्ये इथल्या लोकांनी ‘तेरुएल एक्सिस्ते’ अशी चळवळ उभारली आणि २०१९मध्ये तिने संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एक जागा जिंकली. बऱ्याच गावांत किराणा, बार आणि दोन-चार खोल्या एकाच छपराखाली, ग्रामपालिकेच्या मदतीने चालवल्या जातात. तो बार म्हणजे गावाचा पार: म्हातारे तिथे गिन्योते हा पत्त्यांचा डाव मांडतात, औषधाची पुडी तिथेच ठेवली जाते, आणि बार मिटला तर माणसांना भेटायला जागाच उरत नाही.

बरेचसे सायकलवाले सगळं खाणं शहरातून बांधून आणतात, गावात फक्त कारंज्यावर बाटल्या भरतात आणि पुढे जातात. तसं करू नका. आत जा, ‘बोन दिया’ म्हणा, कॉफी घ्या, जेवण तिथेच सांगा, थोडी सुटी नाणी जवळ ठेवा. फेब्रुवारीअखेर बदाम फुलतात तेव्हा या, नाहीतर ऑक्टोबरमध्ये या. बार्सिलोनाहून तोर्तोसाच्या प्रादेशिक गाडीत सायकल चढवता येते. आणि निदान एक रात्र क्रेतास, आर्नेस किंवा बेसेइतेसारख्या गावात मुक्काम करा.