मण्यांची पाटी आणि बाळाचा श्वास

आपली सोलापूरची चादर चांगली लांबरुंद असते. घरात तान्हे बाळ असले तर आपण तिचीच चौघडी करतो आणि बाळाला वर घालतो. काम भागते. मोठ्यांची वस्तू दुमडली की ती लहानांची झाली, असे आपल्याला वाटते.

दवाखान्यात मात्र हा हिशेब चालत नाही.

रक्तदाब मोजताना डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळतात, तो तुम्ही पाहिला असेल. मोठ्या माणसाचा पट्टा मुलाच्या बारीक दंडाला बांधला तर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. दाब वाढलेला असला तरी कळतच नाही. म्हणून मुलांचे पट्टे वेगळे, अरुंद. तेही एका मापाचे नव्हेत. तान्ह्याचा निराळा, शाळेत जाणाऱ्या पोराचा निराळा. प्राणवायू देताना नाकातोंडावर जो मास्क बसवतात, त्याचेही तसेच. मोठा मास्क लहान तोंडावर बसत नाही, आणि वारा कडेनेच निघून जातो.

मग अशी साधने कारखानदार भराभर का करीत नाहीत? आपल्या गावात शाळेचे गणवेश शिवणारे पुष्कळ आहेत. त्यांना विचारा. एका मापाचे हजार सदरे शिवणे परवडते. पाच मापांचे थोडे थोडे शिवायचे म्हटले की हात आखडतो. मुलांच्या साधनांचे गिऱ्हाईक थोडे आणि मापे फार. शिवाय मूल वाढते. आज बसलेले साधन वर्षाने बसत नाही. आणि कुठे टोचते, कुठे दुखते, हे तान्हे बाळ सांगणार तरी कसे?

पण साधन बाळाच्या मापाचे झाले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. ज्या माणसाने ते वापरायचे, त्याच्याही हाताला ते बसले पाहिजे. ही गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात घडली. आम्हाला ती फार मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८५ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. त्या भागात लहान मुले न्यूमोनियाने फार दगावत. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाला आलेली सूज. मुलाला धाप लागते, पोट उडते. वेळेवर औषध मिळाले तर मूल वाचते. पण दवाखाना लांब, आणि साध्या खोकल्यात आणि न्यूमोनियात फरक ओळखायचा कसा?

फरक श्वासात असतो. मोठा माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. तान्हे बाळ ४० ते ६० घेते. तेव्हा मोठ्यांचा आकडा बाळाला लावून उपयोग नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाला, की धोका समजायचा.

आता मोजणार कोण? गावात होत्या दाया. हात कसबी, पण अक्षरओळख नाही. बऱ्याच जणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. कोणी म्हणाले असते, 'आधी बाईला शंभरपर्यंत शिकवा, मग बघू.' शिकवावेच, त्यात वाद नाही. आम्ही तर तेच काम करतो! पण तोवर आजारी मुलांनी थांबायचे का?

बंग दांपत्याने एक पाटी तयार केली. तिच्यावर एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, तिच्यात सहा मणी. दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी, तिच्यात पाच. दोन्हींतला शेवटचा मणी तांबडा. दाईने घड्याळ उलटे करायचे आणि बाळाचे पोट बघत दहा श्वास मोजायचे. दहा झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा. वाळू संपायच्या आत तांबडा मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. वाळू आधी संपली तर नाही.

बघा, साठ हा आकडा कुठे उच्चारावाच लागला नाही. तो पाटीनेच मोजला. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या कितीतरी बाया हजारांचा हिशेब जुड्या रचूनच तर ठेवतात!

गडचिरोलीच्या गावांत या आजारावर जे काम झाले, त्याचा अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. जिथे गावातच माणसे शिकवून आजार ओळखला आणि औषध दिले, तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी होते. हे यश एकट्या मण्यांचे नव्हे. शिकवणी, औषध आणि गावात हजर असलेले माणूस, या सगळ्यांचे ते आहे.

आज आपल्या वस्तीत आशाताई येतात. बाळ दवाखान्यात जन्मले असले तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी येऊन बाळ पाहायचे असते. त्या श्वास मोजतात तेव्हा त्यांना घाई करू नका. स्वतःही मोजायला शिका.

मूल शांत असताना मोजावे. रडताना किंवा पिताना मोजू नये. अंगातले झबले वर करा. पोट एकदा वर आले आणि खाली गेले की एक श्वास. पुरे एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षे ४०. इतके किंवा याहून जास्त भरले तर दवाखाना गाठा. तान्ह्याचे ६० भरले तर लगेच आणखी एकदा मोजून खात्री करा.

मात्र श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, ओठ निळे पडले असतील किंवा मूल मलूल झाले असेल, तर मोजत बसू नका. तसेच उचला आणि न्या. पोटावर डाग देऊ नका.

आणि मोजले असेल तर आकडा व वेळ चिठ्ठीवर लिहून बरोबर घ्या. रिक्षातून जाईपर्यंत आकडा विसरतो. चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्या.