सदाफुली, नरक्या आणि कर्करोग

कर्करोगाचें नांव कानीं पडलें कीं घरांत एकदम शांतता पसरते, आणि दुसऱ्या दिवसापासून उपाय सांगणाऱ्यांची रीघ लागते. कोणी हळद सुचवितो, कोणी गव्हांकुरांचा रस, कोणी बिब्बा, कोणी केवळ उपवास. अचलपुरापासून मेळघाटचें रान जवळच. तेव्हां जडीबुटीवर इकडील लोकांचा भरंवसा असावा यांत नवल नाहीं. पवित्र शास्त्रांतही यशया संदेष्ट्यानें हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावविल्याची कथा आहे. वनस्पतींत औषधी गुण असतात, याविषयीं वाद नाहींच. त्या गुणाचें औषध कसें होतें, हें मात्र समजून घेण्याजोगें आहे.

सदाफुली कोणास ठाऊक नाहीं? मूळचें मादागास्करचें हें रोप आज आमच्या अंगणांत व कुंपणापाशीं बाराही महिने फुलतें. मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेण्याची चाल अनेक देशांत होती. जमैकांतून आलेलीं अशीं पानें कॅनडांतील रॉबर्ट नोबल या संशोधकाच्या हातीं पडलीं. उंदरांना अर्क देऊन पाहतां साखर कांहीं उतरेना. रक्तांतील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्यानें घटल्या. असा अर्क रक्ताच्या कर्करोगावर चालेल काय, हा प्रश्न तेथून निघाला. चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्यानें शुद्ध द्रव्य वेगळें झालें, आणि १९५८ सालीं व्हिन्ब्लास्टीन जगापुढें आलें. त्याच झाडांतून पुढें व्हिन्क्रिस्टीन मिळालें. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांत तें आजही इतर औषधांच्या जोडीनें देतात, आणि उत्तम सोयी असलेल्या देशांत दहांपैकीं आठांहून अधिक मुलें बरीं होतात.

मग पानेंच चावून खाल्लीं तर? पानांत हीं द्रव्यें इतकीं अल्प असतात कीं एका ग्रॅमसाठीं शेंकडों किलो पाला लागतो. शिवाय तीं विषेंच होत. पेशी दुभागतांना आंत सूक्ष्म नलिका उभाराव्या लागतात. हें द्रव्य त्या उभारूंच देत नाहीं. कर्कपेशी भराभर दुभागतात म्हणून त्या आधीं मरतात. पण मात्रा थोडी चुकली तर निरोगी पेशी व मज्जातंतूही सुटत नाहींत. म्हणूनच हें औषध मिलिग्रॅमनें मोजून शिरेंतून देतात.

दुसरी गोष्ट महाराष्ट्राच्या मुलांस अभिमानाची वाटेल. नंदुरबार येथें १९२५ सालीं जन्मलेले मनसुख वाणी मुंबईस शिकून अमेरिकेंत गेले. मन्रो वॉल यांच्यासह त्यांनीं १९६६ सालीं एका चिनी वृक्षांतून कॅम्पटोथेसिन, व १९७१ सालीं पॅसिफिक यू वृक्षाच्या सालींतून टॅक्सॉल हीं द्रव्यें जगापुढें ठेविलीं. सदाफुलीचें द्रव्य नलिका उभारूं देत नाहीं, तर टॅक्सॉल उभारलेल्या मोडूं देत नाहीं. पेशी दोहोंकडून अडते! तेंच कॅम्पटोथेसिन १९७२ सालीं गोविंदाचारी व विश्वनाथन यांना सह्याद्रींतील नरक्या या झाडांत आढळलें. फुलांच्या दुर्गंधीमुळें हें नांव पडलेल्या झाडाची पुढें इतकी तोड झाली कीं तें दुर्मिळ होऊन बसलें. कॅम्पटोथेसिनाच्या पहिल्या प्रयोगांत रुग्णांच्या मूत्राशयास इजा झाल्यानें काम थांबवावें लागलें होतें. त्यांत रासायनिक फेरफार करून केलेल्या औषधांस १९९६ सालीं मान्यता मिळाली. झाड सांपडण्यापासून औषध हातीं येण्यापर्यंत तीस वर्षें!

आयुर्वेद शस्त्रक्रियेच्या विरुद्ध आहे, अशी एक समजूत आढळते. ती आम्हांस पटत नाहीं. सुश्रुतानें अर्बुदावर शस्त्र, क्षार व अग्नि हे उपाय सांगितले आहेत, आणि अवशेष राहिल्यास अर्बुद पुन्हा वाढतें, असेंही बजाविलें आहे.

खरा घात होतो तो वेळेचा. अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, बरे होण्याजोगे रुग्ण केवळ पर्यायी उपचारांवर राहिले असतां त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट दिसून आला. आमच्या वऱ्हाडांत तर खर्रा व तंबाखू यांमुळें तोंडाचा कर्करोग घरोघरीं ऐकूं येतो. तोंडांत पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पुरतें न उघडणें, हीं चिन्हें दिसतांच वडील मंडळींनीं डॉक्टरांस दाखवावें. अशा जखमेवर बिब्बा लावूं नये. त्याच्या तेलानें कातडी भाजते.

हळदीच्या दुधास कोणी बंदी करीत नाहीं. हळदींतील कर्क्युमिन पोटांतून रक्तांत फारच थोडें उतरतें, एवढेंच. प्रार्थनेनें व आप्तांच्या सोबतीनें रुग्णास धीर येतो, तोही हवाच. परंतु घरचा कोणताही काढा चालू असेल तर तो डॉक्टरांपासून लपवूं नये. कांहीं वनस्पतींमुळें औषधाचा परिणाम कमी होतो, कांहींमुळें वाढतो. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून या रोगावर उपचार करीत आहे. आम्हांस त्याहून जवळचें नागपूरचें कर्करोग रुग्णालय. त्यास ज्यांचें नांव आहे, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आपल्याच अमरावती जिल्ह्यांतील यावलीचे. १९६८ सालीं ते वारले, ते याच रोगानें.