शेवटचे दोन कोस

जालनेकरांस नळाच्या पाण्याची वाट पाहण्याची सवय जुनीच आहे. परंतु इंटरनेट क्षणभर थांबले की शहरातील मुलांचा जीव कासावीस होतो. ज्यांच्या वस्तीवर ते नीट पोचलेच नाही, त्यांच्याविषयी येथे चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि आरंभी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे.

सन २०२० च्या सप्टेंबरात शाळा बंद होत्या व आम्ही शिक्षक मोबाईलवरून वर्ग घेत होतो. एक मुलगी सलग तीन आठवडे वर्गात दिसली नाही. मी तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडीत गेलो. एके सकाळी तिचे वडील मोसंबीची गाडी बाजारात उतरवून माझ्या दारी आले आणि पिशवीतून तीन वह्या काढून म्हणाले, "सर, वस्तीवर रेंज येत नाही. पोरीनं पुस्तकातलं सगळं सोडवून दिलंय. तपासून ठेवा, परवा गाडी येईल तेव्हा नेतो." गणिते बहुतेक बरोबर होती. चुकली होती ती माझी हजेरी.

त्या वस्तीपासून ग्रामपंचायतीची कचेरी दोन कोसांवर आहे. काचेच्या केसाएवढ्या तंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने संदेश नेणारी फायबरची वाहिनी देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत न्यावी, अशी योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तीच पुढे भारतनेट नावाने प्रसिद्ध झाली. योजना थोर खरी. पण गावच्या कचेरीपासून पुढे वाडी, तांडा, शेतातले एकटे घर ह्यांच्यापर्यंत चर खणून वाहिनी नेणे फार खर्चाचे पडते, आणि दहापाच घरांसाठी मनोरा उभारणे कंपन्यांच्या हिशेबात सहसा बसत नाही.

हे उरलेले अंतर बिनतारी मार्गाने ओलांडता येईल काय? ह्या प्रश्नाचा शोध आपल्याच राज्यात घेतला गेला आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर भागात खामलोली व आसपासच्या गावी हा प्रयोग केला. त्यातील युक्ती समजण्यास नववीचे विज्ञान पुरेसे आहे.

पूर्वी घरोघरच्या छपरांवर दूरदर्शनसाठी काटेरी अँटेना असे. पालकांस ती आठवत असेल. अशा प्रक्षेपणासाठी जे कंपनपट्टे राखलेले होते, त्यांपैकी सेकंदाला ४७ कोटी ते ५९ कोटी कंपनांच्या मर्यादेत पंधरा पट्टे बसतात. आपल्या देशात मनोऱ्यावरून चित्रप्रक्षेपण करणारे दूरदर्शन हे एकटेच असल्यामुळे ह्या पंधरांपैकी किमान बारा पट्टे जवळजवळ कोणत्याही ठिकाणी रिकामेच असतात, असे त्या संशोधकांस आढळले. शेजारी घर रिकामे असावे आणि आपण मात्र उन्हात उभे राहावे, तसाच हा प्रकार होता!

आता रिकामे पट्टे मिळाले, पण त्यांचा विशेष तो काय? लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. त्यास ५० कोटी कंपनांनी भागिले म्हणजे लहरीची लांबी ६० सेंटिमीटर येते. वाय-फायच्या एका प्रकारात ५८० कोटी कंपने असतात. तेथे ही लांबी जेमतेम ५ सेंटिमीटर भरते. आखूड लहर झाडांच्या दाटीत लवकर क्षीण होते, म्हणून तिच्यासाठी दोन्ही टोकांच्या अँटेना एकमेकींस दिसाव्या लागतात. लांब लहर पानाफांद्यांतून बरीचशी पार जाते व आडोशालाही काहीशी वळसा घालते. पालघरच्या झाडीत हाच गुण कामी आला. पुढे जेथे दृष्टी मोकळी होती तेथे आखूड लहरी, जेथे आडोसा होता तेथे लांब, अशी सांगड घालून पंचवीस गावे जोडण्यात आली. 'ग्राममार्ग' नावाच्या ह्या उपक्रमास २०१७ साली मोझिला ह्या संस्थेच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक लाभले. मला पारितोषिकाहून अधिक मोलाची वाटते ती त्यातील व्यवस्था: गावातीलच एखाद्याने यंत्रे सांभाळावी आणि पंचायतीने भागीदार व्हावे. यंत्र बिघडल्यावर शहरातून माणूस येईपर्यंत वाट पाहणे म्हणजे काय, हे खेड्यातील पालकांस मी सांगावयास नको.

मात्र दूरदर्शनच्या पट्ट्यांचा वापर प्रयोगाच्या परवान्यावर झाला होता. ह्या पट्ट्यांतील लहर रिकामी असली तरी परवान्यावाचून कोणास वापरता येत नाही, आणि हे एका अर्थी योग्यच. नाही तर सारेच एकदम बोलू लागतील व कोणाचेच ऐकू येणार नाही. परंतु ह्या लहरी मुळात कोणाच्या? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत ह्यांच्या निकालपत्रात, आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. वाद होता क्रिकेटचे सामने दाखविण्याचा! तरी ते तत्त्व मोसंबीच्या बागेतील मुलीलाही लागू पडते, असे मला वाटते. सार्वजनिक विहीर कोरडी नसताना एका आळीला पोहरा मिळू नये, हे कोणत्या न्यायाने?

हजेरीपटातील ते तीन आठवडे मी नंतर दुरुस्त केले. ह्या वर्षी नववीच्या मुलांस सुटीत एक काम दिले आहे. आपल्या घरापासून ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंतचे अंतर मोजावे, मध्ये टेकडी आहे की झाडी ते पाहावे, आणि घराच्या गच्चीवरून कचेरीचे छप्पर दिसते किंवा नाही, ते वहीत लिहून आणावे. शहरातील मुलांनी आपल्या आजोळचे मोजले तरी चालेल.