गॉर्कीची ‘कबुली’ आणि चौघांनी वाहिलेली खाट



मॅक्झिम गॉर्की म्हटले की ‘आई’ ही कादंबरी आठवते. तिच्यानंतर, १९०८ साली, त्याने एक छोटी कादंबरी लिहिली. तिचे रशियन नाव ‘इस्पोवेद’, म्हणजे कबुली. आपल्या पापनिवेदन संस्कारालाही तिकडे हाच शब्द आहे. त्या काळी गॉर्की इटलीतील काप्री बेटावर राहत होता. देव शोधायचा नाही, कष्टकरी जनतेने एकजुटीने घडवायचा, असा विचार तो आणि लुनाचार्स्की मांडीत होते. लेनिनला हे मुळीच रुचले नाही. १९१३ मधील पत्रात त्याने गॉर्कीला चांगलेच खडसावले. म्हणजे ही कादंबरी ना चर्चला पटली, ना पक्षाला!

कथा मात्वेईची आहे. टाकून दिलेले पोर, चर्चमधील एका गरीब सेवकाने वाढवलेले. पुढे तो जमीनदाराच्या कारभाऱ्याकडे कामाला लागतो. कारभाऱ्याची मुलगी मिळावी म्हणून गोरगरीब शेतकऱ्यांना हिशेबात नाडतो. लग्न होते, पण पत्नी आणि मुले दगावतात. होरपळलेला मात्वेई देवाच्या शोधात मठामागून मठ फिरतो. तिथे त्याला लोभ आणि ढोंग भेटते. (ही पाने वाचून आपण रागावू नये. दुःखी माणूस दाराशी आला असता त्याला काय मिळाले, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे.) शेवटी एक भटका म्हातारा आणि कारखान्यातले कामगार त्याला सांगतात, की देव लोकांतूनच जन्मतो.

अखेरचा प्रसंग मोठा प्रभावी आहे. पवित्र मरियेच्या प्रतिमेची मिरवणूक चालली आहे. वाटेत पाय गेलेली एक मुलगी आहे. सारा जमाव आपली इच्छाशक्ती तिच्यावर एकवटतो आणि ती उठून चालू लागते. मात्वेई त्या लोकांनाच देव मानतो.

आपल्याला येथे संत मार्कच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती आठवतो. तिथेही लोकांचा वाटा मोठा आहे. चौघे खाट वाहतात, छप्पर उघडतात, आणि प्रभू त्यांचा विश्वास पाहतो. गॉर्कीचे एवढे म्हणणे आपण मोकळ्या मनाने मान्य करू. पण प्रभू आधी पापांची क्षमा करतो आणि मग त्याला उठवतो. कादंबरीत मुलगी चालू लागली. मात्वेईने नाडलेल्या शेतकऱ्यांचे काय? पुस्तकाचे नाव कबुली आहे, पण ती ऐकून क्षमा करणारा त्यात कोणी नाही.

पुढील बायबल अभ्यासासाठी मार्क २:१-१२ घरी वाचून यावे.